सेक्रेटरीकाकांचे सुळे

तुम्ही खोटं लिहिलंत. चर्चच्या कमिटीच्या सहा जणांनी मिळून, वर क्रूस छापलेल्या कागदावर, खाली सहा सह्या ठोकून खोटं लिहिलंत आणि तो कागद माझ्या वर्कशॉपच्या दाराखालून आत सरकवलात. दार वाजवायची हिंमत झाली नाही. मी आतच होतो. एका बाईच्या खालच्या कवळीचं मेण कोरत होतो. दाराखालच्या फटीत दोन तपकिरी बूट दिसले, पाकीट आत आलं, बूट जरा थांबले आणि मग चक्क पळाले. साठी उलटलेले बूट इतके जोरात पळू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मेण कोरायची सुरी तशीच हातात, आणि मी उभ्याउभ्या वाचलं: आपणांस कळविण्यात येते की, आपल्या ओठांचा काळा रंग, आपल्या बुटांच्या बकलांचा आवाज आणि मंडळीच्या सेक्रेटरींच्या तोंडात आपण हेतुपुरस्सर बसविलेले सैतानी दात, या तीन कारणांस्तव उत्तम शुक्रवारचे (गुड फ्रायडेचे) शास्त्रवाचन आपल्याकडून काढून घेण्यात येत आहे. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत सदर दात घासून सपाट करून दिल्यास व लेखी माफी मागितल्यास फेरविचार करण्यात येईल. सहावी सही खुद्द सेक्रेटरींची. म्हणजे ज्या माणसाने माझे दात तोंडात घातले, त्याच माणसाने त्या दातांविरुद्ध सही केली. सही करताना ते दात त्याने काढून ठेवले होते की घातलेले होते, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मी कवळ्या करतो. बावीस वर्षं हेच करतो. दंतवैद्य ठसा घेतो, ठसा माझ्याकडे येतो, मी त्यात प्लास्टर ओततो, आणि माणसाचं तोंड माझ्या फळीवर सुकायला बसतं. चेहरे मी फारसे बघत नाही. रस्त्यात मला नमस्कार करणाऱ्यांची नावं आठवत नाहीत, पण जांभई दिली की मी कुणालाही ओळखीन. आपल्या मंडळीतली निम्मी माणसं 'आमेन' म्हणतात ती माझ्या दातांनी. त्या सहा सह्यांतल्या तिघांच्या तोंडात माझं काम आहे. माझ्याविरुद्धचा ठराव कमिटीत वाचून दाखवताना ज्याचा एकही शब्द फुसफुसला नसेल, त्याची वरची कवळी मी तीनदा बसवून बघितली होती. फुसफुसू द्यायला हवा होता. पण तसं माझ्याच्याने होत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे. मी काळा कोट घालतो, बाह्यांना लेस लावतो, ओठ काळे करतो, सात बकलांचे बूट घालतो, शनिवारी संध्याकाळी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. लोक याला गॉथ म्हणतात, तुमची पोरं मला वटवाघूळ म्हणतात, आणि माझी आई म्हणते, "सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झाला, अजून माझ्या आरशासमोर नंबर लावतो." एवढं सगळं करूनही मला आजवर एक वाकडा दात मुद्दाम लावता आलेला नाही.

निदान रविवारपर्यंत मला तसं वाटत होतं. तुमचा कागद आल्यापासून मी सुळ्यांचाच विचार करतोय. सेक्रेटरीकाकांची जुनी कवळी कुणी दुसऱ्याने केलेली होती, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी सरळ. ती फुटली तेव्हा काकू स्वतः वर्कशॉपवर आल्या. काकू म्हणजे सेक्रेटरीकाकांची बायको, चर्चमध्ये फुलं लावतात त्या. पिशवीतून त्यांनी रुमाल काढला, रुमालातून पाकीट, पाकिटातून फोटो. लग्नाचा. फोटोत काका तिशीच्या अलीकडचे, मान मागे टाकून हसताहेत आणि दोन्ही बाजूंचे सुळे असे बाहेर आलेत की केक कापायला सुरी कशाला आणली असं वाटावं. "मला हे दात परत हवेत," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, सुळे जरा टोकदार आहेत." काकू म्हणाल्या, "मी आंधळी नाही. लग्न मी केलं होतं." आमच्या धंद्यात हा रिवाजच आहे. माणसाचे मूळ दात कसे होते ते जुन्या फोटोवरून बघायचं आणि तसेच करायचे, म्हणजे चेहरा आपल्या घरी परत येतो. मी तयार दातांच्या सेटमधून सर्वांत लांब सुळे निवडले, भिंगाखाली फोटो धरला, मापं घेतली, घासले, मेणात बसवले. मेणाची कवळी दंतवैद्याने काकांच्या तोंडात घालून दाखवली, काकांनी आरशात बघितलं, मान हलवली. मान हलवली म्हणजे संमती. हे सगळं तुम्हाला विचारता आलं असतं. विचारलं नाहीत.

गेल्या रविवारी काका नवी कवळी घालून सूचना वाचायला उभे राहिले. रविवारच्या शाळेच्या मुलांची सहल, निघायची वेळ सकाळी सात, पाण्याची बाटली आणावी. शेवटी ते हसले. काका हसताना तोंडावर हात धरतात, अख्ख्या मंडळीला ती सवय माहीत आहे. त्या दिवशी एका हातात सूचनांची वही होती आणि दुसऱ्यात चष्मा. दुसऱ्या बाकावरच्या एका पोराने भोकाड पसरलं. पाळक पुढच्या प्रार्थनेची ओळ विसरले. कुणीतरी मागे वळून बघितलं आणि मागे, खांबाजवळ, मी होतो. काळे ओठ. एका बाजूला सुळे, दुसऱ्या बाजूला वटवाघूळ. इतकी सोपी बेरीज तुम्ही आजपर्यंत केली नव्हती. पण मला खरं सांगायचंय, कारण मी तुमच्यासारखा कागद सरकवून पळणारा नाही: ते पोर रडलं तेव्हा माझ्या पोटात एक गुदगुली झाली. आणि तेव्हापासून मला शंका आहे, की घासताना मी शेवटचा अर्धा मिलिमीटर सोडला की काय. भिंगाखाली फोटो परत परत धरला. सावली आहे की सुळा, कळत नाही. मोजून मोजून डोळ्यांना पाणी आलं. हात चुकला असेल तर माझी बावीस वर्षं गेली. हात चुकला नसेल, मनाने चुकवला असेल, तर उद्या तिथे उभं राहून वाचायचा मला काय हक्क?

उद्या. तुम्हाला उद्या म्हणजे शुक्रवार, झाडून काढलेलं चर्च आणि बाकांवर पसरलेल्या कार्यक्रमपत्रिका. मला उद्या म्हणजे ती एक ओळ. येशू क्रुसावर असताना भरदुपारी अंधार पडतो आणि तीन तास राहतो, ती. बावीस ओळी आधी, अठरा ओळी नंतर, मध्ये ती. मला सगळ्या शास्त्रात सर्वांत खरी वाटते ती तीच. तुमच्या पाळकांना ती कधी नीट वाचता आली नाही, ते पाण्यात पाय घातलेल्या मांजरासारखे तिच्यावरून उडी मारतात, की लवकर रविवार यावा, कबरेवरचा दगड बाजूला व्हावा, फुलं लावावीत. सगळ्यांनाच रविवारची घाई. मधल्या शनिवारबद्दल, कबरेतल्या त्या दिवसाबद्दल, तर कुणी बोलतही नाही. आणि मी सोळा वर्षांचा असताना चुलतभावाच्या खोलीत पहिल्यांदा गॉथ संगीत ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, अरे, हे लोक शनिवारी राहतात! ढोल असा, की बंद दारावर कुणी घाई न करता थापा मारतंय. गिटार ओल्या भिंतीसारखी. गाणारा विहिरीच्या तळाशी बसून बोलतोय, आणि वर कुणी ऐकतंय की नाही याची त्याला पर्वा नाही असं दाखवतोय, पण पर्वा आहे, आवाजात कळतं. चुलतभाऊ पुढे विमा विकायला लागला. मी तिथेच राहिलो. कॅसेट घरी आणली तेव्हा बाबांनी दार उघडलं. मला वाटलं, आता टेप खिडकीबाहेर. बाबा पलंगाच्या कडेवर बसले, पूर्ण बाजू ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा माणूस प्रार्थनाच करतोय रे. फक्त पत्ता विसरलाय." मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, त्याला जेवायला वाढ, तो मेलेला नाही."

बाबा त्या वाचनपीठावर एकतीस वर्षं उभे राहिले. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, घरातला एखादा माणूस निघून जावा तसा. त्या वर्षी उत्तम शुक्रवारी त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले. मी जाताना बकलं वाजली. छन्, छन्, छन्. मला अजून आठवतं, मधल्या वाटेवरून चालताना घोडा हरवलेल्या टांग्यासारखं वाटत होतं. मी वाचायला लागलो, घाबरून भराभर वाचायला लागलो, तेव्हा बाबांनी खिशातली छोटी वही काढली, लिहिलं आणि वर धरली. आता ते असंच बोलायचे. वहीवर होतं, 'सावकाश.' मी सावकाश वाचलं. अंधाराच्या ओळीवर थांबलो. खाली कुणी खोकलंही नाही. परत बाकाकडे आलो तर वहीचं दुसरं पान वर: 'बूट छान.' त्यानंतर दोन महिन्यांनी बाबा गेले. आता सहा वर्षं होत आली. सहा शुक्रवार मी वाचलं. वर्षातून तो एकच दिवस असा, की सगळी मंडळी काळे कपडे घालून येते. झाडून सगळे माझ्यासारखे दिसतात. काळा कोट, काळी टोपी, काळे मोजे, पडलेले चेहरे, कुणाच्या तोंडात हसू नाही. वर्षभर मी एकटा गॉथ, त्या दिवशी तुम्ही दोनशे जण. आणि नेमक्या त्याच दिवशी मला बाहेर काढताय? ओठांच्या रंगावरून? इस्त्री करून करून काळ्याचा राखाडी झालेला कोट घालून येणाऱ्यांनी?

आई कागद वाचून म्हणाली, "लिपस्टिक पुसून टाक आणि मोकळा हो."

"आणि सुळे?"

"ते पण घास. दुसऱ्याच्या तोंडाशी आपल्याला काय करायचंय?"

"आई, माझा धंदाच तो आहे."

"मग धंदा कर. धर्म कमिटी करतेय." असं म्हणून तिने माझ्या उद्याच्या शर्टाच्या लेसला इस्त्री फिरवली. लेस उलटी करून, वर ओला रुमाल ठेवून, टोकं एकेक करून. तोंडाने एक बोलते आणि हाताने दुसरंच करते, ही आमच्या घरातली प्रार्थना.

दुपारी काकूंचा फोन. "ऐक, हे पाच वाजता येतायत तुझ्याकडे, कवळी घासून घ्यायला."

"माहीत आहे, काकू."

"हात लावशील त्या सुळ्यांना तर बघ. रविवारची फुलं तुझ्या डोक्यात घालीन. कुंडीसकट."

"काकू, कमिटीने..."

"कमिटीने लग्न केलंय का ह्यांच्याशी? रविवारी घरी आले, आरशात बघितलं आणि माझ्याकडे वळून हसले. हात न धरता. चाळीस वर्षांनी. मी म्हटलं, अगंबाई, आलात होय? कुठे होतात इतके दिवस?" मग, "लगेच तोंड मिटून घेतलं बघ, म्हणाले पोरगं रडलं." आणि फोन ठेवला.

पाचला पाच कमी असताना सेक्रेटरीकाका आले. पायांत तपकिरी बूट. मी बुटांकडे बघितलं, त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, टाय नीट, हात तोंडावर. मला लहानपणी रविवारच्या शाळेत यांनीच शिकवलं. खिडकीत अकरा तोंडं प्लास्टरची सुकत होती. काका त्यांच्याकडे पाठ करून बसले, जणू तीही कमिटी आहे.

"वटवाघळा," ते हाताआडून म्हणाले, "वेळ किती लागेल?"

"सपाट करायला? चार मिनिटं. काढा."

त्यांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि त्यांचा चेहरा तंबूचा खांब काढल्यासारखा खाली बसला. कवळी कोमट होती. हे मला कधीच सहन होत नाही. कवळी थंड असते तोवर वस्तू असते. मी मोटर सुरू केली. घासायचा दगड फिरायला लागला, तो आवाज, ज्याने माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारी भरल्यात. डावा सुळा दगडापासून एका नखाच्या अंतरावर धरला. टेकवला नाही. अर्धा मिलिमीटर, मी मनात म्हटलं. अर्धा मिलिमीटर माझा असेल तर तेवढाच घासतो, बाकी काकांचं काकांना. पण कुठला अर्धा?

"काका," मी मोटरच्या आवाजात ओरडून विचारलं, "तुम्ही तोंडावर हात कधीपासून धरता?"

त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. मी मोटर बंद केली. त्यांनी कवळी परत मागितली, तोंडात घातली. दातांशिवाय त्यांना हे सांगायचं नव्हतं.

"सिंहाच्या गुहेची गोष्ट आठवते?" ते म्हणाले. "मी सांगायचो. रविवारच्या शाळेत. सिंह मी व्हायचो. असा." आणि तोंडावरचा हात न काढता त्यांनी दुसऱ्या हाताने नुसता पंजा दाखवला. "पोरांना फार आवडायचं. परत, परत म्हणायची. एक दिवस एक पोर इतकं घाबरलं, की बाकाखाली जाऊन बसलं. ओलं झालं. बाहेर यायला तयार नाही. त्याच्या बापाने कमिटीला पत्र लिहिलं. मुलांसमोर सेक्रेटरींनी... तेव्हा मी सेक्रेटरी नव्हतो, नुसता मास्तर. मुलांसमोर मास्तरांनी दात दाखवून हसू नये. ठराव झाला. वहीत आहे. एकमताने."

"एकमताने? एका पोरासाठी? कोण होतं ते गाढव?"

काका माझ्याकडे बघत राहिले. काळ्या ओठांकडे, लेसकडे, बकलांकडे. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलायला लागलं, आधी मला वाटलं रडतायत.

"तूच रे," ते म्हणाले. "सहा वर्षांचा होतास. निळी चड्डी."

मी मोटर परत सुरू केली. का, ते माहीत नाही. नुसतीच फिरत राहिली. मग बंद केली. मला बाकाखालची जागा आठवली. खरंच आठवली, की आत्ता तयार झाली? लाकडाचा वास, कुणाच्या तरी बुटांच्या टाचा, आणि काळोख. आणि त्या काळोखात मला बरं वाटलं होतं. तिथे सिंह नव्हता. हे मी चाळीस वर्षं शोधतोय, की मला काळोखात बरं का वाटतं, संगीतात शोधलं, शास्त्रात शोधलं, आणि उत्तर काय, तर मी एका चांगल्या माणसाला भिऊन बाकाखाली मुतलो. आणि माझे बाबा, एक अख्खी कॅसेट ऐकून घेणारे, 'बूट छान' लिहिणारे बाबा, त्यांनी त्याआधी एक पत्र लिहिलं होतं. दार वाजवलं होतं की दाराखालून सरकवलं होतं, देव जाणे. काकांचं हसू बंद करणारे आम्ही. एका घरातले. मी तुम्हाला शिव्या देतोय, आणि माझंच नाव तुमच्या वहीत तक्रारदार म्हणून.

"बाबांनी कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"मला सांगितलं. जायच्या आधी. वहीवर लिहून. 'तुझं हसणं राहिलं.' मी म्हटलं, राहू दे, आता दातही राहिले नाहीत." आणि मग ते वाकून, अगदी हळू, जणू गुन्हा कबूल करताहेत, म्हणाले, "हे मूळच्यापेक्षा जरा मोठे आहेत का रे?"

"अर्धा मिलिमीटर. असेल. मी मुद्दाम केलं का ते मला कळत नाही, काका. खरंच कळत नाही."

"असू दे. या वयात सगळं झिजतंच. आधीच जरा जास्त ठेवलेलं बरं."

भिंतीवर माझा कामाचा आरसा आहे. काका उठून त्याच्यासमोर उभे राहिले. टाय सारखा केला. हात आधी वर गेला, अर्ध्यात थांबला, मग खाली आला आणि पँटच्या शिवणीला चिकटला, शाळेत कवायतीला उभा असावा तसा. आणि काकांनी डरकाळी फोडली. चौऱ्याहत्तर वर्षांची, दम्याची, शेवटी खोकल्यात गेलेली डरकाळी. खिडकीतली अकरा प्लास्टरची तोंडं हादरली, एक खाली पडून फुटलं. मी दचकून स्टुलासकट मागे सरकलो. काका वळले, मला बघितलं आणि हसले, मान मागे टाकून, त्या फोटोसारखे. "अजून घाबरतोस, लेका," ते म्हणाले. मीही हसलो. दोघं हसत होतो. कुणी बाहेरून बघितलं असतं तर काळ्या ओठांचं एक आणि सुळ्यांचं एक, दुसरा ठराव झाला असता.

दाराशी जाऊन ते थांबले. हात परत तोंडाकडे जाऊ पाहत होता.

"कमिटीला काय सांगू?"

"सांगा, मोटर बिघडली."

"उद्या उत्तम शुक्रवार आणि आज खोटं बोलू?"

"मग खरं सांगा."

"खरं सांगायला तोंड उघडावं लागेल," काका म्हणाले आणि गेले. फरशीवर तपकिरी बूट वाजत गेले. या वेळी पळाले नाहीत.

आता सहा वाजलेत. मी फुटलेलं तोंड गोळा केलं, उद्याचे ओठ शिशीत किती उरलेत ते बघितलं आणि हे लिहायला बसलो. माफी मागतोय. ऐका, लेखी आहे. सेक्रेटरीकाकांची माफी मागतोय, सहा वर्षांच्या निळ्या चड्डीतर्फे आणि आता बोलू न शकणाऱ्या माझ्या बाबांतर्फे. वहीतल्या त्या ठरावावरची तक्रार मी मागे घेतोय. तुमची माफी मी मागत नाही. सुळे घासलेले नाहीत, घासणार नाही. त्या अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब देवाशी मी माझा बघून घेईन, त्याच्याकडे भिंग चांगलं असेल.

उद्या बारा वाजता मी येणार आहे. बकलं वाजतील. आईने इस्त्री केलेली लेस असेल. दोनशे काळ्या कोटांतून मी त्या वाटेने चालत येईन आणि वाचनपीठाच्या पायरीशी उभा राहीन. पुस्तक तिथे असेल, बाबांच्या वहीचं 'सावकाश'चं पान त्यात खूण म्हणून आहे, ते काढू नका. अंधाराची ती ओळ वाचायला तुमच्या सहांपैकी कोण पुढे येणार आहे? कुणाला येते ती, न पळता? मला विचारायचंय ते एवढंच, आणि उत्तर मला बाराच्या आत हवंय. मी वाचू की नको? कागदावर नको. दाराखालून नको. सेक्रेटरीकाका पहिल्या बाकावर असतील. त्यांनी उभं राहावं, मंडळीकडे तोंड करावं, दोन्ही हात खाली ठेवावेत आणि काय ते सांगावं. रडलं एखादं पोर तर रडू दे, त्याला बाकाखालून बाहेर कसं काढायचं ते मी बघतो.

बोला.